आमदारांसाठी राखीव

आयुष्यातली बत्तीस वर्षं मी आमदाराच्या जागेवर बसून काढली आहेत.

वाचकांनी दचकू नये. निवडणूक मी एकदाच लढवली, तीही आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या चिटणीसपदाची. तिथे अनामत रक्कम ठेवायची पद्धत नव्हती, म्हणून ती वाचली. आमदाराची जागा म्हणतो आहे ती एस. टी.तली. लाल डब्यात पुढच्या बाकांपैकी एकावर, खिडकीच्या वर, पत्र्यावर रंगवलेलं असायचं, 'आमदार-खासदारांसाठी राखीव'. आसपासच्या बाकांवर महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक अशा पाट्या असत. घर तालुक्याला आणि कचेरी बेचाळीस किलोमीटरवर जिल्ह्याला, असा माझा रोजचा जाण्यायेण्याचा संसार असल्यामुळे या पाट्यांचा मी सखोल अभ्यास केला आहे. महिलांच्या जागेवर बसलं, की पुढच्याच थांब्यावर एखादी मावशी टोपली घेऊन चढते आणि 'उठा, पाटी वाचता येत न्हाई का?' म्हणते. स्वातंत्र्यसैनिकांच्या जागेवर बसलं, की कधीतरी एखादे थरथरते आजोबा टोपी सावरत येतात. आपण उठावं, तर तेच खांदा दाबून आपल्याला पुन्हा खाली बसवतात आणि मग सबंध प्रवासभर आपल्याला आपलीच लाज वाटत राहते. आमदार मात्र कधी येत नाही. तेव्हा ज्या जागेचा मालक येत नाही ती जागा सर्वांत सुरक्षित, हे तत्त्व मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात उमगलं.

सुरुवातीला भीती वाटायची. गाडी सुटेपर्यंत मी फलाटाकडे डोळे लावून असायचो. पांढरा झब्बा दिसला की अर्धा उठायचो. दोनदा पेढ्यांचे व्यापारी निघाले आणि एकदा बँडवाला. पुढे पुढे धीर चेपला. कंडक्टरही ओळखीचे झाले. एकजण तर मला पाहिलं की 'आमदारसाहेब, पास!' असंच म्हणायचा. मी घरी येऊन ही गंमत सांगितली, तेव्हा ही म्हणाली, "अहो, मग तेवढं नळाचं पाणी सकाळी सहाला सोडायला सांगा की."

आमदाराकडून माणसं नेमकं काय मागतात, याची ती नांदी होती. पण ते पुढे.

आमच्या तालुक्याच्या आमदारांचं राजकीय जीवन याच गाडीच्या फूटबोर्डावर सुरू झालं, याचा मी साक्षीदार आहे. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण प्रत्येक तालुक्याला ते आपलेच वाटतील. त्या वेळी ते आमदार नव्हते, कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि विद्यार्थीसुद्धा फारसे नव्हते. दारात लोंबकळत यायचे आणि तिकिटाला कंडक्टर आला की 'पुढं आहे' म्हणायचे. त्या वाक्यात एका मोठ्या कारकिर्दीचं बीज होतं, हे आम्हां खुळ्यांना कळलं नाही. मग गणपती मंडळाचं अध्यक्षपद आलं. मग विविध कार्यकारी सोसायटी, मग पंचायत समिती, मग साखर कारखान्याचं संचालकपद. लाल डबा सुटून राजदूत आली, राजदूत जाऊन जीप आली, जीप जाऊन अँबॅसिडर. गाडीच्या काचा जसजशा काळ्या होत गेल्या, तसतसे साहेबांचे कपडे पांढरे होत गेले. चौकातल्या फलकांवर ते आधी 'युवा नेतृत्व' होते, मग 'भावी आमदार', मग 'कार्यसम्राट'. सध्या 'माजी' आहेत. राजकारणात ही एकच पदवी अशी, की मिळाली की कुणाला काढून घेता येत नाही.

मी लिपिक झालो तेव्हा मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्याचा दाखला एवढं सगळं लागलं होतं. आमदार व्हायला आपल्या राज्यघटनेत वयाची २५ वर्षं पुरी असणं मुख्य. शिक्षणाची अट नाही, टायपिंगची तर नाहीच नाही. हे मी कुरकुरून सांगत नाही. घटना करणाऱ्यांना बहुधा वाटलं असेल, की चारित्र्याची तपासणी मतदार करतील. त्यांचा आमच्यावर फार विश्वास होता.

आमच्या साहेबांना पहिल्यांदा तिकीट मिळालं नाही तेव्हा ते बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. नंतर ज्या पक्षाविरुद्ध बंड केलं होतं त्यालाच त्यांनी पाठिंबा दिला. चालत्या गाडीत जागा बदलण्याचं त्यांचं कसब फूटबोर्डापासूनचंच. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. एकट्यानं पक्ष बदलला तर आमदारकी जाणार, पण विधिमंडळ पक्षातल्या एक तृतीयांशांनी मिळून बदलला तर ते पक्षांतर नव्हे, ती फूट, असं त्यात होतं. २००३ साली ही फुटीची सवलत काढून टाकली, आणि दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं राहिलं. म्हणजे एकट्यानं विनातिकीट जाणं गुन्हा, वऱ्हाड मिळून गेलं तर ते खास गाडी. आमच्या कंडक्टरला हा कायदा समजावून सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आमच्यात असं चालत नाही. आमच्यात प्रत्येकाचं वेगळं तिकीट फाडावं लागतं."

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो जरा अवघड आहे, म्हणून इतका वेळ इकडे तिकडे केलं.

१९८६ साली माझी बदली निघाली. गाव एकशेचाळीस किलोमीटरवर. आई म्हातारी, मुलं शाळेत, हिची शिवणाच्या क्लासची नुकतीच सुरुवात. मी दोन रात्री तळमळलो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साहेबांच्या बंगल्यावर गेलो. वाटलं होतं, आपणच पहिले. पाहतो तो ओसरीवर साठ-सत्तर माणसं. एकाला मुलासाठी शाळेत नाव घालायचं होतं, एकाला दवाखान्यात खाट हवी होती. एकाचा भाऊ रात्री पोलिस ठाण्यात बसवला होता, एकजण मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता आणि तारीख साहेबांच्या सोयीनं धरणार होता. एक म्हातारा नुसताच बसला होता. त्याला विचारलं, "आपलं काय काम?" तर म्हणाला, "काम काई न्हाई. आलं न्हाई तर इसरतेत."

विधानसभेत कायदे होतात, अंदाजपत्रक मंजूर होतं, तारांकित प्रश्न विचारले जातात, हे मी नागरिकशास्त्रात घोकलं होतं. त्या साठ-सत्तर माणसांत साहेबांना विधानसभेत काय बोललात, असं विचारायला एकही आला नव्हता. मीही त्यासाठी गेलो नव्हतो.

साहेबांनी मला ओळखलं. "तुम्ही ते गाडीत पुढं बसणारे ना?" म्हणाले. मला धन्य वाटलं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी लेटरहेड मागवलं, दोन ओळी सांगितल्या, सही ठोकली, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दहा दिवसांत बदली रद्द झाली. हिनं देवापुढे साखर ठेवली. मी बंगल्यावर पेढे नेले. तिथे पेढ्यांची अशी काही रास होती, की त्या जोरावर स्टँडसमोर दुकान निघालं असतं.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. सरकारी जागा रिकामी राहत नाही. माझ्याऐवजी कुणीतरी जायलाच हवं होतं. माझ्या टेबलासमोर बसणारा एक तरुण कारकून गेला. त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला होता आणि त्यांना कुशीवर वळवायला घरात दुसरा पुरुष नव्हता. त्याला कुणी आमदार ओळखत नव्हता, कारण तो गाडीत मागे बसायचा. आठ महिन्यांनी त्याचे वडील गेले. तार पोचली, त्याला रात्रीची मुक्कामी गाडी मिळाली, आणि तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर 'रजा शिल्लक आहे' असा शेरा मारला.

त्यानंतरच्या तीन निवडणुकांत मी साहेबांना मत दिलं. उपकाराची फेड म्हणून दिलं. मित्रमंडळींत बसून राजकारणाला शिव्या घातल्या, 'सगळे चोर' म्हटलं, आणि मतदानाच्या दिवशी रांगेत उभा राहून त्या पत्राचा हप्ता भरला.

१९९१ सालच्या हिवाळ्यात आम्ही दोघं पंढरपूरला गेलो होतो. तिथून सांगोल्याला हिच्या मावसबहिणीकडे जायचं होतं. पंढरपूरच्या स्टँडवर सांगोल्याची गाडी लागली. मी सवयीनं खिडकीतून रुमाल टाकला, तो सवयीच्याच बाकावर पडला. आम्ही बसलो. कंडक्टर तिकिटांचा ट्रे वाजवत आला, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "बसा काका. पण आबासाहेब आले तर उठावं लागेल बरं का."

मी मोठ्यानं हसलो. अशी विनोदी माणसं एस. टी.त असावीत, प्रवास सुखाचा होतो. पण गाडीत दुसरं कुणीच हसलं नाही. मागच्या बाकावरचे एक फेटेवाले म्हणाले, "हसताय का? येतात की. कवाबी येतात."

आणि मग मला कळलं, की महाराष्ट्रात एक आमदार असा आहे, जो आपल्या जागेवर बसायला खरोखरच येतो. गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष, सांगोला. माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! वीस वर्षं एखाद्या घरात फुकट राहावं आणि एक दिवस मालकाचा पत्ता लागावा, तसं झालं. मी त्या बाकाच्या काठावर बसलो.

थोड्या वेळानं उत्सुकता काही गप्प बसू देईना. मी फेटेवाल्यांना विचारलं, "त्यांच्याकडून बदलीचं पत्र वगैरे मिळतं का हो लवकर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी फुटाणे मागायला सराफाकडे गेलो आहे. म्हणाले, "बदली कुणाची? आमच्यात नोकरी कुणाला हाय? आमी पाणी मागतो."

बाहेर पाहिलं. माळच माळ. बाभळी, खुरटलेली ज्वारी, आणि मधूनच एखादी कोरडी विहीर. पाणी मागावं असाच तो मुलूख. पाणी एकट्यापुरतं मागता येत नाही, ही त्यातली मेख. एका खातेदारापुरता कुणी कालवा काढत नाही. तो मागायचा तर सगळ्या तालुक्यानं मागावा लागतो, आणि आपल्याला मिळालं म्हणून समोरच्या टेबलावरचा कुणी एकशेचाळीस किलोमीटरवर जात नाही. आम्ही आमच्या आमदाराकडे पत्रं मागितली, तर पत्रं लिहिणारा आमदार आम्हांला मिळाला. यांनी पाणी मागितलं, तर यांना पाण्यासाठी भांडणारा मिळाला. दोन्ही तालुक्यांत लोकशाही अगदी चोख चालली होती.

त्या दिवशी आबासाहेब आले नाहीत. मी त्यांना पुढेही कधी पाहिलं नाही. पण घरमालकाची चौकशी ठेवावी तशी त्यांची बातमी मात्र ठेवू लागलो. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा माणूस १९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आला. १९६७ ला पुन्हा. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसनं राज्यात २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, त्या लाटेत ते पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा हरले, तेही दोनशेहून कमी मतांनी. एवढी माणसं तर आमच्या साहेबांच्या ओसरीवर दोन सकाळींत जमायची. १९९९ ला परत, मग २००४, २००९ आणि २०१४. मोजून अकरा वेळा. मतदारसंघ एक, पक्ष एक. पक्ष राज्यभर आटत गेला, तरी हे आपले त्याच बाकावर.

दोनदा मंत्री झाले, १९७८ साली आणि पुन्हा १९९९ साली. बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर. तिथे बसून कालवा काढणं म्हणजे मागच्या बाकावर बसून गाडी हाकण्यासारखं आहे. म्हणून तर पाण्याचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालला. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा झाल्या, मोर्चे झाले, ठराव झाले. टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांचं पाणी यायला फार वर्षं लागली, आणि पाण्यासाठी भांडलेले कितीतरी फेटेवाले त्याआधीच गेले असतील. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली. डाळिंबांचं पीक तर असं पसरलं, की सांगोला म्हटलं की डाळिंब असं झालं. सगळं काही एका माणसानं केलं असं मी म्हणणार नाही. जन्मभर कचेरीत काढल्यामुळे कुठलीही गोष्ट एका माणसाकडून होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२०१९ साली वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी नातू उभा राहिला आणि काहीशे मतांनी हरला. म्हणजे अकरा वेळचं पुण्यही नातवाच्या नावावर आपोआप चढत नाही, हे सांगोलेकरांनी दाखवलं. जिंकले ते शहाजीबापू पाटील, ज्यांनी १९९५ साली आबासाहेबांनाच हरवलं होतं. २०२२ साली गुवाहाटीच्या हॉटेलातून त्यांनी फोनवर झाडी-डोंगरांचं जे वर्णन केलं, ते एका दिवसात घराघरांत पोचलं. आमच्या नातवाला ते पाठ आहे. त्याच सांगोल्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ आमदार असलेल्या एका माणसाची गोष्ट मी त्याला सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, याचा व्हिडिओ आहे का?" व्हिडिओ असतील, पण एस. टी.च्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ कुणाला पाठवायचा? २०२४ साली दुसरा नातू उभा राहिला आणि निवडून आला. शेकापची त्या निवडणुकीतली राज्यातली ती एकुलती एक जागा.

आबासाहेब ३० जुलै २०२१ रोजी गेले. बातमी वाचून मी हिला म्हटलं, "मालक गेले." तिला वाटलं, आमच्या जुन्या वाड्याचे.

आता मी पंचाहत्तरीपुढे आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस. टी.त तिकीट नाही. त्यामुळे एका बाबतीत तरी मी आणि आमदार एका पातळीवर आलो. हिचं तिकीट अर्धं. म्हणून कामाशिवायही अधूनमधून जिल्ह्याला जाऊन येतो.

गेल्या महिन्यात असाच निघालो होतो. बसलो होतो अर्थातच त्याच बाकावर. गाडी सुटता सुटता काठी टेकत एक म्हातारा चढला. केस पांढरे, पाठीला बाक. तरी ओळखलंच. माझ्या टेबलासमोर बसायचा तो. गाडी भरलेली होती. मी उठलो.

"बसा, बसा तुम्ही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खिडकीवरच्या पाटीकडे पाहिलं आणि हसला. "राहू द्या, भाऊसाहेब," म्हणाला. "ती जागा तुम्हाला आमदारांनी दिलेली आहे."

म्हणजे त्याला माहीत होतं. रजेचा अर्ज माझ्या हातात दिला तेव्हाही माहीत असणार.

बाक दोघांचं होतं. माझी पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीकडे सरकलो. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग टेकला. बेचाळीस किलोमीटर आम्ही त्या बाकावर गुडघ्यांविषयी बोललो, डॉक्टरांविषयी बोललो, दोघांच्या मुलांविषयी बोललो. मधेच त्यानं विचारलं, "यंदा मत कुणाला दिलंत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "काही मागितलंत का त्याच्याकडे?" मी नाही म्हटलं. "मागायला हवं होतं," तो म्हणाला, "आपल्या दोघांसाठी."

मी त्याला जे सांगायचं चाळीस वर्षं ठरवत होतो, ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. त्याचा थांबा आला होता.